तुळईचं टोक

आमचं बुऱ्हाणपूरचं घर विकायचं ठरलं तेव्हा रडारड झाली नाही. आई गेल्यानंतर चार वर्षं दाराला कुलूप होतं. मी जळगावला, धाकटा भाऊ इंदूरला. मृगाआधी एक आणि दिवाळीनंतर एक अशा दोन खेपा सोडल्या तर त्या घरात दिवा लागत नव्हता. माणसांचा वावर थांबला की घर झपाट्यानं खचतं, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. विकण्यावर एका फोनमध्ये एकमत झालं. अडलं ते पुढच्याच गोष्टीवर. गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी घर कुणा जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावं, असं माझं म्हणणं होतं. भावाला ते मुळीच पटेना.

"ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची," तो म्हणाला. "तपासायचं असेल तर घेणारा तपासेल. आपल्याच पैशानं आपल्या घरातली खोट शोधायची आणि मग ती त्याला नेऊन सांगायची, हा कुठला व्यवहार? मी खोटं बोल म्हणत नाही. विचारलं तर सांग. नाही विचारलं तर गप्प राहा."

त्याचं बोलणं झटकून टाकण्यासारखं नव्हतं. आमचा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. त्याला विचारलं तर तोही तेच म्हणाला. तिकडे घेणारा स्वतःचा तपासनीस घेऊन येतो, तो छपरापासून तळघरापर्यंत सगळं बघून अहवाल देतो. पण विकणाऱ्यानं आधीच तपासणी करून घेतली, तर जे निघेल ते त्याला माहीत झालं. आणि तिथल्या बहुतेक राज्यांत माहीत असलेला दोष लेखी द्यावा लागतो. म्हणून पुष्कळ लोक मुद्दाम तपासत नाहीत. "माहितीच नसली की जबाबदारीही नाही," असं त्यानं सरळ सांगितलं.

आमच्याकडे तर घर तपासणं म्हणजे कागद तपासणं. मध्य प्रदेशात रजिस्ट्री, नामांतरण, संपत्ती कराची पावती, कलेक्टर गाइडलाइनचा दर हे चार शब्द आले की घराची चर्चा संपते. दलालाचा पहिला प्रश्न, "कागद साफ आहेत ना?" घराच्या अंगाबद्दल कुणी विचारत नाही. गिऱ्हाईक येतं, भिंतीवर थाप मारतं, माडीवर जाऊन एकदा पाय आपटून बघतं, नळ सोडतं आणि दार कुठल्या दिशेला आहे ते विचारतं. लाखो रुपयांची वस्तू आपण अर्ध्या तासात बघतो. दहा रुपयांचं टरबूज घेतानासुद्धा माणूस कानाशी धरून वाजवतो.

घर शनवाऱ्याच्या अलीकडच्या एका गल्लीतलं. आजोबांनी 1938 मध्ये बांधलेलं. खाली ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, मागे परसू. वर माडी आणि तिच्यावर धाबं. खांब, तुळया, कडीपाट सातपुड्याच्या सागाचे. भिंती वीट-मातीच्या, दीड हात जाड. घर किती मोठं ते आमच्याकडे फुटांत नाही, खणांत सांगत. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. मृग लागण्याआधी धाब्यावर खारी माती पसरायची आणि चोपून बसवायची, मग पावसाचं पाणी आत मुरत नाही. पुढे कधीतरी धाब्यावर पत्रे चढले आणि ते दर वर्षीचं काम थांबलं. पत्र्यांचं पाणी उतरवायला एक पन्हाळी बसवली, ती भिंतीला चिकटून खाली आणली. ही पन्हाळी लक्षात ठेवा.

घराच्या खोडी आम्हाला तोंडपाठ होत्या. झड पूर्वेची असली की माडीच्या कोपऱ्यात परात ठेवायची, पश्चिमेची असली की जिन्याखाली बादली. माजघराच्या उत्तरेच्या भिंतीला कमरेइतक्या उंचीपर्यंत लोणा लागायचा. आमचे वडील, अण्णा, दर दिवाळीला तो खरवडून चुन्याचा हात देत आणि होळीपर्यंत भिंत पुन्हा फुलत असे. आणि माडीवर, लोखंडी कपाटाच्या मागे, एक तडा होता. त्यात बोट जाईल एवढा. लहानपणी आम्हाला त्या कपाटाला टेकून बसायची बंदी होती. कपाट तिथून कधीच हललं नाही. आम्ही दोघं मोठे झालो, संसार केले, आईवडिलांना खांदा दिला, तरी त्या तड्याबद्दल एकमेकांशी बोललो नाही. पण विकायचं ठरल्यावर दोघांच्याही मनात पहिल्यांदा आलं ते कपाटच.

म्हणजे "आम्हाला काही माहीत नव्हतं" असं म्हणायची सोय आमच्याजवळ नव्हतीच. प्रश्न एवढाच होता की जे अर्धवट माहीत आहे ते पुरतं माहीत करून घ्यायचं का.

माझी एक मैत्रीण जळगावात वकिली करते. तिच्याकडे गेले. तिनं दोन कायदे काढून समोर ठेवले, दोन्ही इंग्रजांच्या काळातले आणि दोन्ही अजून चालू. पहिला 1872 चा करार अधिनियम. त्याच्या सतराव्या कलमात कपट म्हणजे काय ते सांगितलं आहे आणि समजावण्यासाठी घोड्याचं उदाहरण दिलं आहे. एक माणूस दुसऱ्याला लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे विकणाऱ्याला ठाऊक आहे, पण तो त्याबद्दल काही बोलत नाही. कायदा म्हणतो, हे कपट नव्हे. लगेच खाली दुसरं उदाहरण आहे. घोडा घेणारी विकणाऱ्याची मुलगी आहे आणि ती नुकतीच सज्ञान झाली आहे. आता मात्र नात्यामुळे बापाला बोलावंच लागेल.

दुसरा कायदा दहा वर्षांनंतरचा, 1882 चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम. त्याच्या पंचावन्नाव्या कलमाची सुरुवातच विकणाऱ्याच्या कर्तव्यापासून होते. मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि साधारण काळजीनं पाहूनही त्याला सापडणार नाही, तो विकणाऱ्यानं सांगितला पाहिजे. करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर न सांगणं हे कपट धरलं जाईल.

मी ती दोन पानं शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसले. घोडा विकताना गप्प राहण्याची मुभा आहे, घर विकताना नाही. घोड्याच्या बाबतीत बोलायचं बंधन फक्त मुलीपुरतं. घराच्या बाबतीत मात्र कायद्यानं अनोळखी गिऱ्हाइकालाच मुलीच्या जागी नेऊन बसवलं आहे. कारणही कळण्यासारखं आहे. घोड्याचं लंगडणं चार पावलांत दिसतं. भिंतीत गेलेलं लाकूड दिसत नाही, आणि त्या लाकडाखाली माणसं झोपतात.

"पण एक शब्द नीट वाच," मैत्रीण म्हणाली. "ठाऊक असलेला दोष. शोधून काढायचं बंधन तुझ्यावर नाही."

म्हणजे भावाचं म्हणणं कायद्यात बसत होतं. ज्यानं डोळे उघडले त्याच्यावर ओझं, ज्यानं मिटले तो मोकळा. मला हे फार टोचलं, अजूनही टोचतं. नव्या सदनिकांसाठी 2016 च्या रेरा कायद्यानं बांधणाऱ्याला धरलं आहे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो त्यानं पदरमोड करून दुरुस्त करायचा. मुंबईत तीस वर्षांपुढच्या इमारतींना स्थैर्याची तपासणी करून प्रमाणपत्र द्यावं लागतं. पण बुऱ्हाणपूरच्या गल्लीतलं, आजोबांनी बांधलेलं मातीचं घर एका कुटुंबाकडून दुसऱ्याकडे जातं तेव्हा मध्ये कुणीही उभं नसतं. विकणाऱ्याची इच्छा, बस.

हा पेच जुना आहे. सिसरो नावाच्या रोमन वकिलानं इ. स. पूर्व 44 मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात तो असंच घर घेतो. बाहेरून चांगलं दिसणारं, पण आत राहणाऱ्याला आजार देणारं, खोल्यांत विषारी जीव निघणारं, कच्च्या लाकडाचं, पडायला आलेलं. आणि हे मालकाशिवाय कुणालाच ठाऊक नाही. यावर तो दोन ग्रीक तत्त्वज्ञांना समोरासमोर आणतो. डायोजिनीसचं म्हणणं, न सांगणं म्हणजे फसवणं नव्हे. घेणाऱ्याला डोळे आहेत, त्याच्यावर कुणी जबरदस्ती केलेली नाही. अँटिपेटरचं म्हणणं, वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यापेक्षाही हे वाईट, कारण इथे तुम्ही जाणूनबुजून दुसऱ्याला चुकीच्या वाटेला लावता. सिसरो अँटिपेटरच्या बाजूनं कौल देतो. शिवाय तो रोममध्ये घडलेला एक खटलाही सांगतो. शकुन पाहणाऱ्या पुरोहितांनी एका मालकाला घराचा उंच भाग पाडायला सांगितलं होतं. त्यानं ते न सांगता घर विकून टाकलं. घेणाऱ्याला तो भाग पाडावा लागला. न्यायाधीश होते मार्कस केटो. त्यांनी विकणाऱ्याला भरपाई द्यायला लावली, ठाऊक असून सांगितलं नाही म्हणून.

आपल्याकडे कौटिल्यानं तर घराची विक्री घराच्या दारात आणून ठेवली. आधी भाऊबंद, मग शेजारी, मग सावकार, आणि त्यानंतर बाहेरचे. आणि ती विक्री पुकारायची शेजारच्या चाळीस कुळांसमोर. मला वाटतं, ती चाळीस कुळं म्हणजेच तपासणी होती. कुठल्या भिंतीत पाणी मुरतं, कुठलं छप्पर कधी बसलं, हे गल्लीला ठाऊक असायचं आणि तिच्यासमोर लपवालपवी चालत नसे. आता आमच्या गल्लीत जुनी म्हणावीत अशी तीन घरं उरली आहेत.

निर्णय लागला तो मात्र कायद्यामुळे नाही, सिसरोमुळेही नाही. मेच्या शेवटी भावाची मुलगी, माझी भाची, माझ्याबरोबर बुऱ्हाणपूरला आली. घराचं तिला काय दाखवणार, म्हणून तिला कुंडी भंडाऱ्याला नेलं. लालबागेच्या पुढे, उघड्या माळावर, विहिरीच्या कठड्यासारख्या गोल कुंड्या एका ओळीत चाललेल्या दिसतात. 1615 च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, तबकुतुल अर्झ या फारसी भूजलतज्ज्ञानं सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी अडवलं आणि जमिनीखालच्या बोगद्यांतून, नुसत्या उतारावर, गावात आणलं. त्या बोगद्यांवर शंभरावर कुंड्या आहेत, एकीपासून दुसरी साधारण 20 मीटरवर. एका कुंडीतून लिफ्टनं खाली जाता येतं. आत गारवा असतो, घोट्यापर्यंत स्वच्छ पाणी वाहत असतं, आणि भिंतींवर चुनखडीचे पांढरे थर चढलेले दिसतात. 2024 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत याचं नाव गेलं.

भाचीनं विचारलं, "आत्या, पाणी तर आतून जातं. मग वर एवढी भोकं कशाला?"

मी तिला सांगितलं ते असं. बोगद्यात हवा आणि उजेड जावा म्हणून. आणि कुठे गाळ साचला, कुठे चुना धरला, कुठे दरड पडली, तर कुणाला तरी आत उतरून बघता यावं म्हणून. सांगता सांगता मी थांबले. चारशे वर्षं ही गोष्ट टिकली त्यामागे या भोकांचा मोठा वाटा आहे. बांधणाऱ्यानं पाण्याची वाट केली तेव्हाच ती तपासायची वाटही करून ठेवली. आमच्या घरात मात्र तड्यासमोर कपाट होतं. परत येताना रिक्षातूनच मी मिस्त्रींना फोन केला.

मिस्त्री सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या वडिलांनीही आमच्या घराला हात लावलेला. त्यांच्याबरोबर एक तरुण इंजिनिअर आला. त्याच्याकडे भिंतीतला ओलावा मोजायचं यंत्र होतं. मिस्त्रींच्या पिशवीत हातोडी, पेचकस, ओळंबा आणि बॅटरी. दोघांनी सकाळी आठला सुरुवात केली ती दुपारी तीनपर्यंत.

आधी ओळंबा. माडीच्या चारही कोपऱ्यांत दोरी सोडून भिंत किती कलली ते बघितलं. मग मिस्त्री एकेका खांबाला हातोडीचा दांडा मारत फिरले. सागाचा गाभा ठणकावून आवाज देत होता. वाळवीची मातीची नळी दोन ठिकाणी दिसली, पण ती बाहेरच्या पांढुरक्या भागापुरती. सागाच्या गाभ्यात जे तेल असतं ते वाळवीला मानवत नाही, म्हणून ती कड कुरतडते आणि गाभा सोडते. "डर नहीं," मिस्त्री म्हणाले. वाळवीचं नाव निघालं की बुऱ्हाणपूरकर ताजमहालावर येतोच, तसे तेही आले. मुमताज महल 1631 च्या जूनमध्ये इथे बाळंतपणात गेली, ताप्तीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात तिला सहा महिने ठेवलं आणि मग आग्र्याला नेलं, हा इतिहास. ताज इथेच ताप्तीकाठी व्हायचा होता, पण जमीन तपासली तर वाळवी निघाली म्हणून बेत बदलला, ही गावची दंतकथा. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला वाईट वाटायचं. त्या दिवशी पहिल्यांदा असं वाटलं की दंतकथेतसुद्धा कुणीतरी बांधायच्या आधी माती बघितली होती.

मग कपाट. ते सरकवायला चौघं लागले. तडा होता तसाच होता, वरपासून खालपर्यंत, पायऱ्यापायऱ्यांनी उतरलेला. आणि त्याच्यावर आडव्या तीन काचेच्या पट्ट्या होत्या, दोन्ही टोकांना प्लास्टरनं चिकटवलेल्या. प्रत्येकीशेजारी भिंतीवर पेन्सिलनं तारीख. अक्षर अण्णांचं. सगळ्यात जुनी 9-5-84.

इंजिनिअरनं समजावलं. तडा वाढतोय की थांबलाय ते बघायची ही जुनी, अगदी खात्रीची रीत. भिंत जरा सरकली तरी काच तडकते. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, त्यामुळे भिंतींना असे तडे जातात. काही दर वर्षी हलत राहतात, काही एकदा बसले की बसले. या तिन्ही पट्ट्या अखंड होत्या. चाळीस वर्षांत ती भिंत केसभरही सरकली नव्हती.

अण्णा ताप्ती मिलमध्ये हिशेब लिहायचे. घरातही त्यांनी हिशेबच ठेवला होता, फक्त आम्हाला दाखवला नव्हता. मला वाटत आलं होतं की त्यांनी तो तडा कपाटाआड लपवला. ते कपाटाआड जाऊन तो बघत होते. आम्हाला टेकू देत नव्हते ते भिंत पडेल म्हणून नव्हे. कपाट हललं तर काच फुटेल म्हणून. मी तिथेच, धुळीत, खाली बसले.

खरा दोष नंतर सापडला, जिथे आम्ही कुणीच बघितलं नव्हतं तिथे. माजघराला लागून आईची खोली, तिच्यावर माडीची एक तुळई जाते. मधोमध ती ठणठणीत होती. मिस्त्री शिडीवर चढले आणि तुळई उत्तरेच्या भिंतीत जिथे शिरते तिथे त्यांनी पेचकस टेकवला. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. त्यांनी बाहेर काढला तेव्हा त्याला तपकिरी भुगा चिकटला होता, ओला.

पन्हाळी. भिंतीला चिकटून आलेली ती पन्हाळी त्या कोपऱ्यात एका सांध्याला फुटली होती आणि वर्षानुवर्षं तिचं पाणी भिंतीत उतरत होतं. लोणा खालून येतो, जमिनीतल्या ओलीमुळे, असं आम्ही समजत होतो. त्या भिंतीवर तो वरूनही येत होता. तुळई भिंतीत जाते ते टोक सगळ्यात आधी कुजतं, कारण तिथे वारा लागत नाही आणि ओल धरून राहते, असं इंजिनिअर म्हणाला. सागाचा गाभा वाळवीला दाद देत नाही, पण कायमच्या ओलीपुढे तोही टिकत नाही. आई त्या तुळईखाली शेवटची अकरा वर्षं झोपली.

मी भावाला रात्री फोन केला. काचेच्या पट्ट्यांचं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. तुळईचं सांगितलं तेव्हा म्हणाला, "आता?"

त्याच बोलण्यात त्यानं एक गोष्ट सांगितली, जी दलालानं त्याला सांगितली होती आणि त्यानं मला नव्हती. घर बघायला येणारे दोघे भाऊ पॉवरलूमवाले होते. वर राहायचं आणि खाली, ओसरी-माजघरात, चार लूम बसवायचे असा त्यांचा बेत होता. बुऱ्हाणपूरच्या माणसाला यात नवल काही नाही. इथल्या कापडाचा व्यापार इराण-तुर्कस्तानपर्यंत चालतो हे सतराव्या शतकात ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानं लिहून ठेवलं आहे. अठराशे सत्तावन्ननंतर उत्तरेकडून विणकर कुटुंबं येऊन वसली, हातमागाच्या जागी यंत्रमाग आले. आज गल्लीगल्लीत घराच्या खालच्या मजल्यावर लूमची खटखट ऐकू येते. आम्ही तिच्यातच वाढलो. ती थांबली की झोप मोडायची.

पण लूम हादरतो. एका मिनिटात शंभराहून जास्त वेळा धोटा या टोकापासून त्या टोकाला आपटतो, तो धक्का जमिनीत जातो, जमिनीतून खांबात, खांबातून तुळईत. ज्या घरात दोन म्हातारी माणसं हळू पावलांनी चालत होती त्या घरात ते टोक आणखी दहा वर्षं भिंतीला धरून राहिलं असतं. चार लूमच्या हादऱ्यांपुढे ते किती दिवस राहिलं असतं, हे इंजिनिअरला विचारायचा मला धीर झाला नाही. त्यानं आपणहून अहवालात लिहिलं: तुळई बदलल्याशिवाय किंवा तिला लोखंडी आधार दिल्याशिवाय त्या खोलीत वावर ठेवू नये, खांबांना लागून यंत्र बसवू नये.

भावानं अहवाल वाचला आणि विचारलं, "आपण पन्हाळी बदलू, तुळईला आधार देऊ, रंग मारू, मग दाखवू. चालेल?"

हे अप्रामाणिक नव्हतं. मिस्त्रींचा अंदाज दीड लाखाचा होता. मी दोन दिवस विचार केला. पन्हाळी लगेच बदलून घेतली, कारण पावसाळा तोंडावर होता आणि घर अजून आमचं होतं. खोलीला टेकू लावला. तुळईला आणि रंगाला मात्र नको म्हटलं. आम्ही दुरुस्ती केली असती तर ती विकण्यापुरती केली असती. घेणारा करेल ती स्वतः राहण्यासाठी करेल, आणि त्याला त्या खोलीत काय करायचं आहे ते त्यालाच ठाऊक. शिवाय नव्या रंगाच्या भिंतीवरून कुणाला काय कळणार? विकायच्या आधी घर रंगवायची आपल्याकडे पद्धतच आहे, आणि ती वाईट आहे असं माझं ठाम मत झालं आहे. लोणा लागलेली भिंत घेणाऱ्याला लोणा लागलेलीच दिसली पाहिजे.

दोघे भाऊ जूनच्या पहिल्या आठवड्यात आले. मी त्यांना चहाच्या आधी अहवाल दिला. थोरला तो खिडकीपाशी नेऊन वाचत राहिला. धाकट्याला मी खोलीत नेऊन तुळईचं टोक दाखवलं. दलाल ओसरीवर उभा राहून माझ्याकडे असा बघत होता की जणू मी त्याच्या ताटात माती कालवली. थोरल्यानं वाचून झाल्यावर मला एकच विचारलं. "आपा, ये आप क्यों बता रही हैं?"

मी म्हटलं, "मेरी माँ यहीं सोती थीं."

ते निघून गेले. तीन आठवडे काही निरोप नव्हता. दलालानं भावाला फोन करून माझ्याबद्दल काय सांगितलं ते भावानं मला सांगितलं नाही. त्या दिवसांत मी रोज हवामान बघत होते आणि नवी पन्हाळी धरते आहे ना ते शेजारणीला फोन करून विचारत होते. भाऊही रोज फोन करत होता, पण दोष देत नव्हता. एकदा म्हणाला, "त्या पट्ट्या काढू नकोस हं, कपाट नेलं तरी."

मग ते आले, या वेळी मिस्त्रींना घेऊन. त्यांनी परसू मोजलं. लूम घरात नाही, मागे परसात, स्वतंत्र पायावर पत्र्याची शेड घालून बसवायचे, असं मिस्त्रींनी त्यांना सुचवलं होतं. दरात त्यांनी दोन लाख कमी सांगितले. आम्ही मान्य केलं.

सप्टेंबरात रजिस्ट्री झाली. सेवा प्रदात्याच्या टेबलावर मजकूर टाइप होत असताना मी त्यात तीन ओळी जास्त घालून घेतल्या. त्यांचा कायद्याला किती उपयोग, हे मैत्रिणीलाही नक्की सांगता आलं नाही. टाइप करणाऱ्या मुलानं दोनदा विचारलं, हे खरंच लिहायचं का. थोरल्या भावानंच त्याला सांगितलं, लिहा. चौथ्या पानावर, चतुःसीमेच्या खाली, उत्तर भिंतीतल्या तुळईचं टोक कुजलेलं असल्याचं आणि माडीवरच्या तड्यावर 1984 पासूनच्या काचेच्या तीन पट्ट्या अखंड असल्याचं लिहिलं आहे. खाली आम्हा चौघांच्या सह्या आहेत.